विंडोजवर लिबकर्ल : लिंकर नेमकं काय मागतोय?

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त एकाच जागी अडकलेले, विंडोजवर लिबकर्ल. म्हणून बाकीचे बाजूला ठेवून आज फक्त हेच घेते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी : स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी कर्ल या नावाने पहिली आवृत्ती २० मार्च १९९८ ला काढली, २००० साली त्यातला नेटवर्कचा भाग लायब्ररी म्हणून वेगळा झाला, तीच लिबकर्ल. तुमच्या प्रोग्रामला एचटीटीपी, एफटीपी वगैरे बोलता यावं म्हणून ती वापरायची. लिनक्सवर एका कमांडमध्ये येते. विंडोजवर मात्र कंपायलर, ३२ की ६४ बिट, रनटाइम (सी भाषेची मूळ फंक्शनं पुरवणारी लायब्ररी), स्टॅटिक (लायब्ररी प्रोग्राममध्येच मिसळलेली) की डीएलएल (लायब्ररी वेगळ्या फाइलमध्ये) या चार गोष्टी लायब्ररीच्या आणि तुमच्या प्रोजेक्टच्या जुळाव्या लागतात, आणि खालचे बरेचसे प्रश्न यातली एखादी जुळली नाही म्हणूनच आलेत.

प्रश्न : मॅडम, मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्या विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर कर्ल टाइप केलं तर चालतं. म्हणजे ते इन्स्टॉल आहेच ना? मग व्हिज्युअल स्टुडिओ कर्ल डॉट एच सापडत नाही असं का म्हणतो?

तुझ्याकडे आहे तो फक्त तयार प्रोग्राम. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट तो सोबत देतं, पण त्याच्याबरोबर हेडर फाइल नाही, लिंकरला, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्ररी जोडणाऱ्या प्रोग्रामला, द्यायची लिब फाइलही नाही, त्यामुळे तुझ्या सी प्लस प्लस प्रोग्रामला त्याचा थेट उपयोग शून्य. हे म्हणजे हॉटेलातली मिसळ ताटात आलीय पण मसाल्याचा डबा त्यांच्याच स्वयंपाकघरात.

दोन वाटा आहेत. एक, मायक्रोसॉफ्टचाच व्हीसीपॅकेज, लिहिताना व्हीसीपीकेजी, तो एका कमांडमध्ये लिबकर्ल उतरवून, कंपाइल करून व्हिज्युअल स्टुडिओला जोडूनही देतो. दुसरी, सोर्स आणून स्वतः बिल्ड करणं. नोकरीत डेडलाइन असेल तर पहिली वाट घ्यावी. तू शिकतोयस, तर दुसरी एकदा तरी कर, कारण लायब्ररी कशी बनते हे हाताने केल्याशिवाय लिंकरचे एरर आयुष्यभर मंत्रासारखे वाटत राहतात.

प्रश्न : ताई, जुन्या व्हिडिओत बघून एनमेकची कमांड मारली, चालत नाही. माउसने, विंडोमध्येच करता येईल असा मार्ग सांगा. सीमेक उघडलं तर सगळं लाल दिसलं म्हणून बंद केलं. (कोल्हापूर)

तो एनमेकचा, म्हणजे कमांडवर चालणाऱ्या बिल्ड साधनाचा, रस्ता जुना झाला, सोडा. आता सीमेकच धरा, ते सोर्सवरून व्हिज्युअल स्टुडिओचं प्रोजेक्ट बनवून देतं, आणि ते लाल बघून घाबरू नका! सीमेकच्या खिडकीत लाल म्हणजे चूक नाही, लाल म्हणजे 'हे पर्याय नवीन आहेत, एकदा बघून घ्या'. पुन्हा कॉन्फिगर दाबलं की रंग जातो. खरी चूक खालच्या चौकटीत लिहून येते, ती वाचा.

आधी जागा. सी ड्राइव्हवर 'देव' (इंग्रजी अक्षरांत, डी-ई-व्ही) असं साधं फोल्डर करा, नावात स्पेस नको, देवनागरी अक्षरं नकोत, आणि वनड्राइव्हशी सिंक होणाऱ्या डेस्कटॉपवर तर मुळीच नको, बिल्ड चालू असताना फाइल दुसऱ्याच कुणीतरी धरून ठेवली की जे एरर येतात त्यांचा उलगडा होता होत नाही. सोर्स एका फोल्डरमध्ये, बिल्ड दुसऱ्यात. कॉन्फिगर दाबलं की जनरेटर विचारेल, तिथे तुमच्याकडे असलेला व्हिज्युअल स्टुडिओ निवडा आणि प्लॅटफॉर्ममध्ये एक्स६४.

मग पर्यायांमध्ये तीन-चार गोष्टीच बघायच्या. 'कर्ल यूज एसचॅनेल' टिक करा, म्हणजे एचटीटीपीएससाठी विंडोजची स्वतःची यंत्रणा वापरली जाईल आणि ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी वेगळी कंपाइल करायची कटकट वाचेल. 'बिल्ड शेअर्ड लिब्स' ची टिक काढली तर स्टॅटिक लायब्ररी बनते, ठेवली तर डीएलएल. 'इन्स्टॉल प्रिफिक्स' बदलून आपलं फोल्डर द्या, नाहीतर ते प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला जातं आणि अ‍ॅडमिनचे हक्क नाहीत म्हणून अडतं.

नव्या आवृत्त्यांमध्ये बहुतेक जण जिथे थांबतात ती जागा म्हणजे लिबपीएसएल. ही छोटी लायब्ररी सीमेक आपणहून शोधतं, विंडोजवर ती नसतेच, आणि कॉन्फिगर तिथेच अडतं. तिचं काम कुकीशी आहे : को डॉट इन हे कुठल्या एका साइटचं नाव नाही, ते सगळ्यांचं सामायिक शेपूट आहे, तेव्हा एका साइटला अख्ख्या को डॉट इनसाठी कुकी ठेवता येऊ नये, याची यादी ती सांभाळते. तुमचा प्रोग्राम एका ठरावीक सर्व्हरशीच बोलत असेल, कुकीचा संबंध नसेल, तर 'कर्ल यूज लिबपीएसएल' ची टिक काढा आणि पुढे चला. वेगवेगळ्या साइटच्या कुकी हाताळणार असाल तर मात्र काढू नका, व्हीसीपीकेजीने ती लायब्ररी आणा.

जनरेट, मग ओपन प्रोजेक्ट. व्हिज्युअल स्टुडिओत वर रिलीज निवडा, बिल्ड सोल्यूशन, आणि झालं की सोल्यूशन एक्स्प्लोररमध्ये इन्स्टॉल नावाचं प्रोजेक्ट असतं त्यावर राइट क्लिक करून बिल्ड. इन्क्लूड, लिब, बिन अशी फोल्डरं तयार. हेच सगळं डीबग निवडून पुन्हा एकदा करा, ती लिब फाइल शेपटीला डॅश-डी लावून येते त्यामुळे दोन्ही शेजारी सुखाने राहतात.

प्रश्न : लायब्ररी बनली, पण माझ्या प्रोजेक्टमध्ये एलएनके २०१९, अनरिझॉल्व्हड एक्स्टर्नल, चाळीस-पन्नास ओळी. लिब फाइलचा पाथ दहा वेळा तपासला. (पुणे)

पाथ बरोबर असणार. या एररमध्ये नंबर बघून उपयोग नाही, न सापडलेलं नाव बघायचं, सगळं उत्तर त्यात असतं.

नावाच्या सुरुवातीला 'इम्प' चिकटलेलं असेल, म्हणजे इम्प आणि पुढे कर्ल_ईझी_इनिट, तर तुम्ही लायब्ररी स्टॅटिक बनवलीय आणि तुमचा कोड समजतोय की ती डीएलएल आहे. कर्लचं हेडर विंडोजवर गृहीतच धरतं की फंक्शन डीएलएलमधून येणार, तसं नसेल तर आपण सांगावं लागतं. प्रोजेक्ट प्रॉपर्टीज, सी/सी प्लस प्लस, प्रीप्रोसेसर, तिथे 'कर्ल_स्टॅटिकलिब' ही व्याख्या टाका, इंग्रजी मोठ्या अक्षरांत. त्यासरशी कर्लची नावं गेली पाहिजेत.

आता नावं डब्ल्यूएसए-स्टार्टअप, सर्ट-ओपन-स्टोअर अशी दिसायला लागली तर आनंद माना, ती कर्लची नाहीत, विंडोजची आहेत. स्टॅटिक लायब्ररी आपल्याला लागणाऱ्या दुसऱ्या लायब्ररी पोटात घेऊन येत नाही. लिंकर, इनपुट, अ‍ॅडिशनल डिपेंडन्सीज मध्ये लिबकर्लबरोबर डब्ल्यूएस२_३२ (सॉकेटसाठी), क्रिप्ट३२ (सर्टिफिकेटसाठी), बीक्रिप्ट, अ‍ॅडव्हएपीआय३२, नॉर्मलाइझचं ते झेडला संपणारं नॉर्मलिझ, डब्ल्यूएलडॅप३२ आणि नव्या आवृत्तीला आयपीएचएलपीएपीआय द्या. एखादं जास्तीचं झालं तर बिघडत नाही.

आणि व्याख्याही घातली, तरी 'इम्प' नसलेलं साधं कर्ल_ईझी_इनिटच सापडत नाही असं असेल तर लिब फाइल त्या यादीत लिहिलेलीच नाही, किंवा ३२ बिटच्या प्रोजेक्टला ६४ बिटची दिलीय. मशीन टाइप जुळत नाही अशी एखादी ओळ त्या पन्नासांच्या वर कुठेतरी असेल, यादी नेहमी पहिल्या ओळीपासून वाचा.

प्रॉपर्टीजच्या खिडकीत वर डावीकडे कॉन्फिगरेशन लिहिलेलं असतं ना, तिकडे लक्ष असू द्या. सगळं डीबगसाठी भरायचं आणि बिल्ड रिलीजचं करायचं, यात लोकांच्या संध्याकाळी गेलेल्या मी पाहिल्यात.

प्रश्न : फाइल डाउनलोड करायचा साधा प्रोग्राम. एफ-ओपनने फाइल उघडून तो पॉइंटर कर्लला राइट डेटा म्हणून दिला. लिनक्सवर छान चालतो, विंडोजवर डीएलएल वापरली की क्रॅश. कोड तोच आहे हो! (रत्नागिरी)

कोड तोच, पण खालची जमीन वेगळी. विंडोजवर प्रत्येक डीएलएलला स्वतःचा सी रनटाइम असू शकतो. तुमच्या एक्झीने तिच्या रनटाइममध्ये फाइल उघडली, तो पॉइंटर डीएलएलकडे गेला, तिचा रनटाइम वेगळा असेल तर त्याला ती फाइल ओळखताच येत नाही, आणि कोसळतं. म्हणून कर्लच्या कागदपत्रांतच स्पष्ट लिहिलंय की विंडोजवर डीएलएल वापरत असाल आणि राइट डेटा देत असाल तर राइट फंक्शनही स्वतःचं द्याच. चार ओळींचं फंक्शन लिहा, आत एफ-राइट करा, म्हणजे फाइल उघडणारा आणि लिहिणारा एकच राहतो. त्या फंक्शनने जितके बाइट आले तितकाच आकडा परत द्यायचा, कमी दिला तर कर्ल २३ नंबरची चूक देऊन थांबतं. आणि फाइल उघडताना बायनरी मोड, डब्ल्यूबी. नुसतं डब्ल्यू लिहिलं तर विंडोज ओळ संपल्याच्या प्रत्येक खुणेला एक जादा अक्षर जोडतं, मजकुराच्या फाइलमध्ये ते कळत नाही आणि झिप मात्र उघडत नाही.

तुमच्या लॉगमध्ये एलएनके ४०९८ ही वॉर्निंगही दिसतेय. लिंक झालं म्हणून ती सोडून देऊ नका, एकाच प्रोग्राममध्ये दोन जातींचे रनटाइम घुसलेत असं ती सांगतेय. कोड जनरेशनच्या पानावर रनटाइम लायब्ररी असते, एमटी, एमटीडी, एमडी, एमडीडी यांपैकी जे लायब्ररीला तेच प्रोजेक्टला.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर चालतं, ऑफिसच्या दुसऱ्या मशीनवर कधी डीएलएल नाही म्हणतं, कधी सी०००००७बी असा आकडा येतो. (दुबई)

तो आकडा बहुतेक वेळा ६४ बिटच्या एक्झीला ३२ बिटची डीएलएल सापडली की येतो. डेव्हलपर कमांड प्रॉम्प्ट उघडून डंपबिन डिपेंडंट्स चालवा, एक्झीला कोणकोणत्या डीएलएल लागतात त्याची यादीच मिळेल. त्या एक्झीच्या शेजारी ठेवा. सिस्टिम३२ मध्ये टाकायचा सल्ला नेटवर जागोजागी मिळतो, तो ऐकू नका, दुसऱ्या प्रोग्रामची डीएलएल त्यात दाबली जाऊ शकते. यादीत नावाच्या शेवटी डी असलेली व्हीसीरनटाइम दिसली तर तुम्ही डीबग बिल्ड पाठवलंय, त्या डीबग डीएलएल वाटायची परवानगीच नाही, रिलीज बनवून पाठवा आणि त्या मशीनवर व्हीसी रीडिस्ट्रिब्युटेबल (मायक्रोसॉफ्टचा रनटाइमचा इन्स्टॉलर) टाका.

प्रश्न : पतसंस्थेसाठी पिग्मी कलेक्शनचं सॉफ्टवेअर करतोय, सर्व्हरला डेटा पाठवताना कर्ल ६० नंबरचा एरर देतं. व्हेरिफाय पीअर शून्य केलं की चालतं. ठेवू का तसंच? (सातारा)

नाही. कृपा करून नाही.

व्हेरिफाय पीअर शून्य म्हणजे समोर कोण आहे हे न विचारता दार उघडणं. डेटा एन्क्रिप्ट होतो, पण कुणासाठी ते माहीत नाही, मधल्या वायफायवर बसलेला कुणीही मीच सर्व्हर म्हणून सांगेल आणि तुमचा प्रोग्राम त्याच्या हातात खातेनंबर देईल. पिग्मीचे पैसे भाजीवाल्याचे, टपरीवाल्याचे असतात, रोजचे पन्नास-शंभर रुपये. त्यांनी विश्वास एजंटवर ठेवलाय आणि एजंटने तुमच्या कोडवर.

६० चा अर्थ इतकाच की सर्व्हरचं सर्टिफिकेट कोणत्या विश्वासू संस्थेने दिलंय हे कर्लला पडताळता आलं नाही. तुमची लिबकर्ल ओपनएसएसएलवर बनलेली दिसतेय. ओपनएसएसएल विंडोजचं सर्टिफिकेटचं कपाट आपणहून उघडत नाही, त्याला यादी हातात द्यावी लागते. उपाय तीन : एसचॅनेलवर पुन्हा बिल्ड करा, ते विंडोजचंच कपाट वापरतं. नाहीतर एसएसएल ऑप्शन्समध्ये 'नेटिव्ह सीए' चा पर्याय द्या, तो ७.७१.० पासून आहे. किंवा मोझिलाच्या विश्वासू संस्थांच्या यादीवरून केलेली सीए-सर्ट फाइल सोबत द्या आणि सीए इन्फोमध्ये तिचा पाथ, फक्त मग ती फाइल वेळोवेळी बदलायची जबाबदारी तुमची. मी तुमच्या जागी असते तर पहिलाच केला असता.

एसचॅनेलवर गेल्यावर कदाचित ३५ नंबर दिसेल, त्यात रिव्होकेशन शब्द असेल, म्हणजे सर्टिफिकेट रद्द झालंय का हे विचारायला विंडोज गेलं आणि त्या मशीनच्या नेटवरून तिथे पोचता आलं नाही. त्यासाठी 'रिव्होक बेस्ट एफर्ट' आहे : पोचता आलं नाही तर सोडून दे, पण रद्द झालेलं सापडलं तर नकार दे. तरीही ६० च येत राहिलं तर सर्व्हरवाल्याला फोन करा, मधलं सर्टिफिकेट लावायचं राहिलेलं असू शकतं, आणि ते त्यांनीच लावायचं असतं.

प्रश्न : कॉलेजात कोडब्लॉक्सच आहे. व्हिज्युअल स्टुडिओत बनवलेली लिब त्यात दिली तर चालेल का? (नांदेड)

नको. कोडब्लॉक्सबरोबर मिनजीडब्ल्यूचा कंपायलर असतो, त्याचं घराणं वेगळं. एमसिस२ (मिनजीडब्ल्यूचा कंपायलर आणि तयार लायब्ररी देणारा संच) घ्या, त्याच्या पॅकमॅन या इन्स्टॉलच्या कमांडने तयार कर्ल मिळतं, फक्त कोडब्लॉक्समध्ये कंपायलरही त्याच एमसिस२ चा निवडा, जुना तसाच ठेवलात तर पुन्हा न जुळण्याचाच घोळ. लिंकर सेटिंग्जमध्ये क्रम महत्त्वाचा : आधी कर्ल, मग डब्ल्यूएस२_३२. तो लिंकर यादी वरून खाली वाचतो, ज्याला लागतं ते आधी, जे पुरवतं ते नंतर.

प्रश्न : आमची छोटी कंपनी आहे. लिबकर्ल स्टॅटिक जोडून सॉफ्टवेअर विकलं तर आमचा सोर्स उघड करावा लागेल का? (ठाणे)

नाही. कर्लचं लायसन्स एमआयटीच्या धर्तीचं आहे, विका, बदला, स्टॅटिक जोडा, सोर्स मागणार नाही. कॉपीराइट आणि परवानगीचा तो छोटा मजकूर मात्र सोबत गेला पाहिजे, सोर्सच्या फोल्डरमध्ये कॉपीइंग नावाची फाइल आहे ती जशीच्या तशी अबाउटच्या खिडकीत किंवा इन्स्टॉलरमध्ये टाका. बरोबर झेडलिब किंवा ओपनएसएसएल जोडलं असेल तर त्यांचे मजकूरही वेगळे बघा.