सेन्सर लावून समुद्री प्राण्यांचा अभ्यास करायचाय म्हणालीस, त्यावर

अगं, तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि आज सकाळी चहा घेताना परत नीट वाचला. बीएस्सी झुऑलॉजी संपत आलीये, सील, व्हेल, कासवं यांच्या अंगावर सेन्सर लावून ते पाण्याखाली काय करतात, कुठे खातात हे शिकायचंय, आणि घरचे म्हणतायत की पुण्यात समुद्र कुठेय, हे काय खूळ. आणि तू विचारलंयस, आधी कुठला टॅग, म्हणजे प्राण्याच्या अंगावर लावायचं ते सेन्सरचं यंत्र, वापरायला शिकू?

टॅगचं नंतर बघू. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू दे, की प्राणी काय करतोय हे टॅग सांगतच नाही. तो प्रेशर सांगतो, तापमान सांगतो, तीन दिशांचं ॲक्सेलरेशन, म्हणजे वेग कसा बदलतोय ते, सांगतो, बास. ‘खाल्लं’ असं त्या फाईलमध्ये कुठेही लिहिलेलं नसतं, ते आपण लिहितो, आणि कशाच्या जोरावर लिहिलं हे सांगता आलं पाहिजे, माझ्या मते या विषयातला निम्म्याहून जास्त अभ्यास हाच आहे.

सुरुवात कशी झाली माहितीये? १९६०च्या दशकात जेराल्ड कूयमन नावाच्या माणसाने अंटार्क्टिकात वेडेल सीलच्या पाठीवर एक यंत्र लावलं, आत स्वयंपाकघरातला टायमर, त्याने फिरणारी काजळी धरलेली काच, आणि पाण्याच्या दाबाने त्या काचेवर रेघ ओढणारी सुई. त्यातून कळलं की हा प्राणी ६०० मीटरपर्यंत खाली जातो. पण मला यातली खरी हुशारी यंत्रापेक्षा जागेत दिसते. बर्फात एकच भोक पाडलेलं, आसपास श्वास घ्यायला दुसरी जागाच नाही, म्हणजे सील झक मारत तिथेच परत येणार आणि यंत्र हातात मिळणार. डेटा परत कसा मिळणार हे आधी ठरवायचं आणि मग प्राणी निवडायचा, हे आजही तसंच आहे. हत्ती सील महिनोन्‌महिने समुद्रात फिरून पुन्हा किनाऱ्यावर येतो, म्हणून त्याच्यावर एवढं काम झालं. आपल्याकडे २०२२ साली कोकणात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्यांना सॅटेलाइट टॅग लावले, वेळासच्या पहिल्या मादीचं नाव प्रथमा ठेवलं होतं, आठवत असेल तुला. ती मादी परत हाती लागेल याची खात्री नाही, म्हणून सगळी माहिती सॅटेलाइटमार्फतच घ्यावी लागते, आणि रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यातून जात नाहीत, कासव श्वास घ्यायला वर आलं की तेवढ्या वेळात छोटासा मेसेज जाणार. त्यात सेकंदासेकंदाचं ॲक्सेलरेशन बसत नाही. ती कुठे गेली हे चांगलं कळतं, तिथे काय खाल्लं हे त्यावरून सांगता येत नाही.

आता हत्ती सीलची फाईल उघडलीस असं समज. पहिली अडचण म्हणजे प्राणी पाण्यावर आहे आणि फाईल म्हणते खोली उणे ३ मीटर, म्हणजे सील हवेत! प्रेशर सेन्सर वेळेनुसार, तापमानानुसार सरकतो, त्याचं शून्य आधी दुरुस्त करावं लागतं, हे न करता डुबक्या मोजल्यास तर पुढचं सगळं चुकलं. मग ग्राफ काढ. काही डुबक्या यू सारख्या, खाली जाऊन बराच वेळ तिथेच, आणि त्या तळाच्या रेषेला बारीक दाते. काही व्ही सारख्या, गेला आणि आला. पुस्तकात पटकन लिहून मोकळे होतात की यू म्हणजे खाणं. थांब. ते दाते भक्ष्यामागे धावल्याचे असू शकतात, नुसतं शोधत फिरल्याचेही असू शकतात. म्हणून लोकांनी जबड्यावर सेन्सर लावले, डोक्यावर कॅमेरे लावले, स्पर्म व्हेलला सक्शन कपने चिकटणारा आवाजाचा टॅग लावला, कारण भक्ष्य शोधायला ती क्लिक क्लिक असे आवाज काढते, आणि भक्ष्य जवळ आलं की ते इतके भराभर येतात की सलग गुणगुणल्यासारखं ऐकू येतं. आणि तिथेसुद्धा जपून बोलणारे लोक ‘पकडायचा प्रयत्न’ असंच लिहितात, पकडलं असं नाही.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते. हत्ती सीलच्या काही डुबक्यांमध्ये मधला तुकडा अगदी सरळ तिरका असतो, तिथे तो पोहणं थांबवून नुसता वाहत खाली जातो. अंगात चरबी कमी असेल तर भराभर बुडतो, चरबी वाढली की सावकाश, आणि फारच वाढली तर उलटा वर तरंगायला लागतो. म्हणजे त्या तिरक्या रेषेचा चढउतार आठवड्यामागून आठवडे बघितला की सीलला पोटभर मिळतंय की नाही हे कळतं, एकही मासा न बघता! पुढे २०२३ मध्ये मेंदूच्या लहरी मोजून दाखवलं की अशा डुबक्यांत ते झोपतातही, समुद्रात असताना दिवसाला सरासरी दोनच तास. ग्राफच्या एका साध्या तुकड्यात एवढं दडलेलं असतं, म्हणून म्हणते ग्राफकडे तासन्‌तास बघायची सवय लाव.

आणि हे पुण्यात बसून शिकता येतं गं. तापकीर गल्लीत जा, एमपीयू ६०५० नावाचा छोटा ॲक्सेलरोमीटर मिळेल, त्याला मेमरी कार्डचं सर्किट जोडायला इलेक्ट्रॉनिक्सवाला एखादा मित्र पकड. तो तुमच्या कुत्र्याच्या पट्ट्याला बांध, बॅटरी हलकी बघ, तो खाजवायला लागला तर लगेच काढ. वेताळ टेकडीवर ने आणि फोनवर सतत व्हिडिओ काढ. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर सेन्सरवर तीन टिचक्या मार, म्हणजे व्हिडिओची वेळ आणि डेटाची वेळ नंतर जुळवता येते. घरी येऊन बघ, उभा असताना गुरुत्वाकर्षण कुठल्या अक्षावर येतं, खाली वाकून वास घेतला की ते कसं सरकतं, अंग झटकलं की काय होतं. आधी व्हिडिओ बघून लेबलं लाव. दुसऱ्या दिवशीच्या डेटाला व्हिडिओ न बघता लाव, मग ताडून बघ. किती लेबलं चुकली ते वहीत लिहून ठेव, समुद्रातल्या प्राण्याबद्दल बोलताना तो आकडा तुझ्या उपयोगी पडेल.

एक हिशोबही करून बघ, सेकंदाला २५ वेळा, तीन अक्ष, म्हणजे दिवसाला ६४ लाख ८० हजार आकडे. आर ही आकडेमोडीची प्रोग्रॅमिंग भाषा शिकल्याशिवाय गत्यंतर नाही. त्यातलं डाइव्हमूव्ह नावाचं पॅकेज डुबक्यांसाठीच आहे, शून्याची दुरुस्ती त्यात करता येते, आणि मूव्हबँक या प्राण्यांच्या हालचालींच्या डेटाच्या वेबसाइटवर लोकांनी खुला ठेवलेला बराच डेटा आहे, परवानगीच्या अटी तेवढ्या वाच. स्टॅटिस्टिक्सला घाबरू नकोस, एवढं मात्र कधी विसरू नकोस की पाच सीलच्या दहा हजार डुबक्या असल्या तरी प्राणी पाचच.

फिजिक्सही सोडू नकोस. दर १० मीटरला साधारण एक वातावरण, म्हणजे पाण्यावरच्या हवेच्या दाबाएवढा, दाब वाढतो, पहिल्या १० मीटरमध्येच फुप्फुसातली हवा निम्म्या जागेत येते, तरंगवणारा जोर कमी होतो, म्हणून खोल गेल्यावर हे प्राणी न पोहता घरंगळत उतरतात आणि ऊर्जा वाचवतात. हे समजलं नाही तर त्या शांत तुकड्याला तू विश्रांती म्हणशील.

एक गोष्ट मात्र मी कडक शब्दात सांगणार आहे. प्राण्याला त्रास देऊन मिळालेला डेटा वाईट तर असतोच, शिवाय खोटाही असू शकतो. किंग पेंग्विनच्या पंखांना ओळखीसाठी धातूचे पट्टे लावायचे, दहा वर्षांच्या अभ्यासानंतर २०११ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं की पट्टेवाल्यांना पिल्लं ३९ टक्के कमी झाली आणि ते जगलेही कमी. विचार कर, हवामान बदलाचा परिणाम म्हणून मोजलेल्यातलं किती त्या पट्ट्याचंच असेल! त्यामुळे टॅग किती जड, पोहताना पाण्याचा किती अडथळा वाढवतो, किती दिवस राहणार, हे आधी विचारायचं. आणि आपल्याकडे समुद्री कासवं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, परवानगीशिवाय हात लावायचा नाही, उत्साहाच्या भरातसुद्धा नाही.

घरच्यांना वेळासला घेऊन जा मार्चमध्ये, होमस्टे मिळतात, पहाटे पिल्लं समुद्रात जाताना बघू देत त्यांना, मग बोलणं सोपं जाईल.

आणि येत्या महिन्यात मूव्हबँकवरून किंवा कुठूनही खोलीची एक खुली फाईल उतरव आणि तीन डुबक्यांचे ग्राफ काढून माझ्याकडे घेऊन ये. प्रत्येकाखाली डावीकडे आकड्यांत काय दिसतंय ते लिही, उजवीकडे तुला काय वाटतंय ते, दोन्ही मिसळायचं नाही. रविवारी दुपारनंतर मी घरीच असते. लॅपटॉपचा चार्जर आण, माझा तुझ्या मशीनला बसत नाही.