क्रियापद येईपर्यंत वाचक निघून जातो

प्रश्न : मी माहितीपर लेख लिहिते. आधी विषयाची पार्श्वभूमी सांगते, मग मुद्द्यावर येते. बरेच जण लेख मध्येच सोडतात. लांबी कमी करू का?

उत्तर : लांबीला हात लावण्याआधी क्रम बदलून बघा. शेवटचा परिच्छेद उचलून सगळ्यात वर ठेवा आणि लेख पुन्हा वाचा. लेखाची खरी सुरुवात बहुतेक वेळा तिथेच सापडते. बातमीदार हेच करतात. काय झालं ते आधी, कसं आणि का ते नंतर, जुना इतिहास तळाला. याला उलटा पिरॅमिड म्हणतात, आणि मोबाइलवर तो छापील कागदापेक्षाही जास्त उपयोगी पडतो.

वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचा अभ्यास करणारे याकोब नीलसन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ७९ टक्के लोक नवं वेबपान नुसतं चाळत होते. शब्दन् शब्द वाचणारे फक्त १६ टक्के निघाले. पुढे २००६ मध्ये २३२ जणांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या, तेव्हा नजर बहुधा इंग्रजी ‘एफ’ अक्षरासारखी फिरताना दिसली : वरच्या एकदोन ओळी आडव्या, मग डाव्या कडेनं सरळ खाली. त्यामुळे उपशीर्षकाचे पहिले दोन शब्द जपून खर्च करा. ‘वापरकर्त्यांसाठी महत्त्वाची सूचना’ यातून काहीच कळत नाही. ‘पासवर्ड विसरलात तर’ वाचून ज्याला हवं तो थांबतो आणि बाकीचे पुढे जातात. पुढे जाणाऱ्यांचाही वेळ तुम्ही वाचवलेला असतो.

पार्श्वभूमी काढून टाकायची गरज नाही. उत्तर मिळालेला वाचक ती निवांत वाचतो.

प्रश्न : वाक्यं लहान करा असं सगळे सांगतात. मी केली, तर लेखन तुटक झालं. नेमकं कुठे कापायचं?

उत्तर : शब्द मोजून कापलं की तुटक होतंच. मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे वाक्यात कोण, कुठे, कशावर, किती वेळात हे सगळं वाचकाला डोक्यात धरून ठेवावं लागतं आणि उलगडा अगदी शेवटी होतो. भार वाढतो तो इथे. हे वाक्य बघा :

‘पासवर्ड बदलण्याची विनंती केल्यानंतर आपल्या नोंदणीकृत ईमेलवर पाठवण्यात आलेल्या लिंकवर २४ तासांच्या आत क्लिक न केल्यास सदर लिंक निष्क्रिय होऊन पुन्हा विनंती करणे आवश्यक राहील.’

पंचवीस शब्द आणि पूर्ण क्रियापद एकच, तेही ‘राहील’. ‘केल्यानंतर’, ‘आलेल्या’, ‘केल्यास’, ‘होऊन’ या चार सांध्यांवर वाक्य लोंबकळतंय. कापायचं ते याच सांध्यांवर :

‘ईमेलवर आलेली लिंक २४ तासच चालते. त्याआधी ती उघडून नवा पासवर्ड टाका. वेळ गेली तर नवी लिंक मागवा.’

शब्द अठरा झाले, पण खरा फायदा तीन क्रियापदांचा आहे. वाचकाला तीनदा श्वास घेता येतो. ‘त्याआधी’ आणि ‘गेली तर’ यांनी वाक्यं एकमेकांना धरून ठेवली आहेत. तुमच्या लेखनात नेमके हे जोडशब्द कापले गेले असणार. ‘पण’, ‘म्हणून’, ‘मग’, ‘तरी’ हे शब्द वाक्य कितीही लहान झालं तरी ठेवा. ‘करण्यात येईल’ दिसलं की कोण करणार ते विचारा आणि तो कर्ता लिहा. ‘सदर’ आणि ‘सदरहू’ पुसून टाकले तर काहीही बिघडत नाही.

लांब वाक्य कधी चालतं? एकाच गोष्टीचं वर्णन असेल आणि मोठ्यानं वाचताना दम लागत नसेल, तर खुशाल ठेवा.

प्रश्न : सगळं मुद्देसूद यादीत मांडलं तर जास्त सोपं होईल ना?

उत्तर : पायऱ्या, साहित्य, कागदपत्रं यांना यादी हवीच, आणि क्रम महत्त्वाचा असेल तर आकडे घाला. कारणमीमांसा मात्र यादीत घालू नका. ‘यामुळे ते झालं’ हा धागा ठिपक्यांमध्ये हरवतो. परिच्छेदाबद्दल एवढं लक्षात ठेवा : मोबाइलवर एका ओळीत साधारण पाच-सहा शब्द बसतात, म्हणजे साठ शब्दांचा परिच्छेद दहा-बारा ओळींचा होतो. एका परिच्छेदात एकच मुद्दा असू द्या.

प्रश्न : ‘इथे क्लिक करा’ लिहायला काय हरकत आहे?

उत्तर : चाळणाऱ्याला ‘इथे’ म्हणजे कुठे ते कळत नाही. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, पानातल्या लिंकची नुसती यादी ऐकतात, तेव्हा त्यांना दहा वेळा ‘इथे क्लिक करा’ ऐकू येतं. ‘अर्जाचा नमुना डाउनलोड करा’ असं लिहा.

प्रश्न : महत्त्वाचे शब्द मी ठळक, तिरपे, अधोरेखित करतो. तरी पान गिचमिड दिसतं.

उत्तर : या तिन्ही सवयी रोमन लिपीतून आल्या आहेत. देवनागरीच्या बऱ्याच फाँटमध्ये तिरपे अक्षर बनवलेलंच नसतं. ब्राउझर सरळ अक्षर नुसतं कलतं करतो आणि ते वेडंवाकडं दिसतं. अधोरेखा खालच्या उकारांना कापते. ठळक ठशात जोडाक्षरांच्या पोकळ्या बुजतात, म्हणून ठळक वापरा पण परिच्छेदात एखाद्याच शब्दगटाला. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेखा तुटते. मजकूर दोन्ही कडांना जुळवून घेऊ नका. प्रत्यय जोडून मराठी शब्द लांब होतात, अरुंद पडद्यावर ते पुढच्या ओळीत ढकलले जातात आणि मागे उरलेल्या शब्दांमध्ये भगदाडं पडतात. डावीकडून सुरू करून उजवी कड मोकळी सोडा.

मात्रा वर आणि उकार खाली जात असल्यामुळे ओळींमध्ये जागा जास्त लागते. अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट ठेवून बघा. फिकट राखाडी अक्षरंही टाळा. वेबच्या सुलभता-निकषांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात उजळपणाचा किमान ४.५ : १ इतका भेद मागितला आहे. आणि हे सगळं संगणकावर न तपासता फोनवर, उन्हात उभं राहून वाचून बघा.