चोरून गोळी देऊ नका

प्रश्न : माझा दादा ४४ वर्षांचा आहे. बरीच वर्षं रोज पितो. हल्ली सकाळी हात थरथरतात म्हणून कामावर जाण्याआधीच घेतो. "आता फक्त बिअर पितो, दारू सोडलीय," असं म्हणतो. वहिनीला कुणीतरी दारू सोडवणारी गोळी दिली आहे, न कळत जेवणात मिसळायची. काका म्हणतात, आठवडाभर खोलीत कोंडून ठेवू, आपोआप सुटेल. मी काय करू?
– एक बहीण

उत्तर : ताई, वहिनींना ती गोळी आजच बाजूला ठेवायला सांगा आणि काकांनाही थांबवा.

अशा गोळीत बहुतेक वेळा डायसल्फिराम असतं. दारूचं शरीरात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य होतं आणि मग त्याचा निचरा होतो. हा निचराच ही गोळी अडवते. वर दारू पडली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर माणूस दगावू शकतो. औषध म्हणून ती वाईट नाही. मीही देते, पण पेशंटला सगळं समजावून, त्याच्या होकारानं, आणि शेवटच्या घोटाला किमान १२ तास उलटल्यावरच. चोरून दिली आणि दादाला कळलं, तर तो घरात कुणाच्या हातचं निर्धास्तपणे जेवेल का?

कोंडून ठेवणं त्याहून धोक्याचं. सकाळची थरथर म्हणजे मेंदूला दारूची सवय झाल्याची खूण आहे. अशा माणसाची दारू एकदम तोडली तर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, ताप चढतो, आपण कुठे आहोत हेच कळेनासं होतं. ही जिवावरची वेळ असते, थेट हॉस्पिटल गाठायचं. तेव्हा दारू थांबवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. थरथर आणि फिट आवरणारी औषधं काही दिवस देऊन कमी करत नेतात, सोबत थायामिन हे जीवनसत्त्व देतात. तोवर घरच्यांनी त्याची दारू अचानक बंद पाडू नये. हे ऐकून घरचे माझ्यावर चिडतात, तरी मी सांगतेच.

बिअरचं म्हणाल, तर ३० मिली व्हिस्कीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत ४० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक बाटली म्हणजे चार पेग. यकृताला बाटलीवरचं नाव कळत नाही.

दादाशी बोलायचं ते त्यानं कमीत कमी घेतलेली असेल अशा वेळी, एकट्यानं. "तू घराची वाट लावलीस" असं म्हणू नका. "काल तुझ्या हातून कप सांडला, मी घाबरले" असं डोळ्यांनी पाहिलेलं सांगा. शपथ मागू नका. शपथा मोडतात आणि मग माणूस लपवायला शिकतो. एवढंच मागा : "डॉक्टरांकडे चल, मी सोबत येते." तो नाही म्हणेल. थोड्या दिवसांनी पुन्हा विचारा.

मात्र त्याच्यासाठी ऑफिसात खोटी कारणं सांगणं थांबवा. प्यायलेला असताना गाडीची किल्ली देऊ नका. हलवूनही जागा होत नसेल किंवा श्वास मंदावला असेल, तर "झोपेतून उतरेल" म्हणत बसू नका. कुशीवर वळवा आणि लगेच दवाखान्यात न्या. हात उगारत असेल, तर आधी वहिनी आणि मुलं सुरक्षित जागी.

वहिनींनी दादाची वाट न पाहता अल-अनॉनच्या सभेला जावं. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांचा हा गट १९५१पासून चालतो.

दादा तयार झाला, की शेवटची कधी आणि किती घेतली, पूर्वी फिट आली होती का, झोपेच्या गोळ्या घेतो का, हे कागदावर लिहून न्या. आणि दवाखान्यात गेल्यावर त्याला थोडा वेळ डॉक्टरांशी एकट्याला बोलू द्या. बहिणीसमोर तो खरा आकडा सांगणार नाही.