अकरावीला फ्रेंच घ्यावं की मराठीच ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी दहावी झाली, म्हापशाला हायर सेकंडरीत ॲडमिशन घेताय, फॉर्मवर इंग्रजीसोबत दुसरी भाषा कुठली लिहायची ते ठरत नाहीये, शेजारीपाजारी सगळे म्हणतात फ्रेंच घ्या स्कोरिंग आहे, तुम्हाला वाटतं तिची मराठी इतकी चांगली आहे ती सोडून कशाला, आणि त्यात कोणीतरी पोर्तुगीजचंही डोक्यात घातलंय. मी फोंड्याची. अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलं होतं, पुढे गोवा युनिव्हर्सिटीतून त्यातच एमए केलं आणि गेली बारा वर्षं अकरावी-बारावीच्या मुलांना घरी फ्रेंच शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. घेऊ दे तिला फ्रेंच. पण फक्त स्कोरिंग म्हणून घेत असाल तर नका घेऊ, मराठीच ठेवा, कारण मार्कांसाठी घेतलेलं फ्रेंच बारावीचा निकाल लागला की दोन महिन्यांत उडून जातं हे मी स्वतः भोगलंय.

मला बारावीला फ्रेंचमध्ये ९१ पडले होते. वर्गात अर्ध्या मुलांचं आठवीपासूनचं फ्रेंच, मी शून्यापासून, तरी ९१, घरात पेढे वाटले. अभ्यास कसा केला होता तर धड्याखालचे प्रश्न, त्यांची फळ्यावर लिहून दिलेली उत्तरं, पत्राचे चार ठरलेले नमुने आणि भाषांतराचे उतारे, सगळं पाठ. दोन वर्षांत वर्गात फ्रेंचमध्ये एक अख्खं वाक्य स्वतःहून कोणी बोललेलं मला आठवत नाही. मग एफवायला दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे काणकोणला गेले, त्याचं पाळोळेला छोटं दुकान होतं, आणि एक फ्रेंच आजी आत आली. मामानं मोठ्या कौतुकानं सांगितलं की ही फ्रेंच शिकलीय. ती इतकी खूश झाली, माझा हात धरून काहीतरी विचारलं, मला कळलं नाही, तिनं परत सावकाश विचारलं, मला तरी कळलं नाही. शेवटी तिनं पिशवीचा तुटलेला पट्टा वर करून दाखवला आणि बोटांनी शिवायची खूण केली तेव्हा मामानं गल्ल्याखालून सुई-दोरा काढून दिला. सुई आणि दोरा, दोन्ही शब्द मला स्पेलिंगसकट येत होते, लिंगासकट येत होते, पण कानावर पडले तेव्हा ओळखताच आले नाहीत. त्या रात्री मी खूप रडले होते.

फ्रेंचचं हेच आहे. लिहिलेलं एक, ऐकू येणारं वेगळं. शब्दाच्या शेवटची अर्धी अक्षरं बोलतच नाहीत, 'तो बोलतो' आणि 'ते बोलतात' हे कागदावर वेगळं दिसतं पण कानाला दोन्ही 'इल पार्ल'च. त्यामुळे जो फक्त वाचून शिकला त्याला फ्रेंच माणूस बोलायला लागला की काहीच लागत नाही. म्हणून हायर सेकंडरीत गेलात की एकच विचारा, वर्गात मुलांना बोलायला लावतात का, काही ऐकवतात का. नसतील ऐकवत तरी बिघडत नाही, पण मग घरी रोज पंधरा मिनिटं कानाला लावायला लागेल. आरएफआय या फ्रेंच रेडिओवर सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या असतात, टीव्ही सँक मोंद या फ्रेंच वाहिनीच्या साइटवर लेव्हलप्रमाणे व्हिडिओ असतात, सगळं फुकट. सुरुवातीला दहातले दोन शब्द कळतील, चालेल, तीन महिन्यांनी पाच कळतात.

आणि शक्य असेल तर बारावीपर्यंत डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेची एक तरी लेव्हल करून घ्या, ए वन नाहीतर ए टू, म्हणजे खालच्या दोन पायऱ्या. तुमच्या मुलीच्या वयाच्या मुलांसाठी ज्युनिअर डेल्फ असते, लेव्हल त्याच, फक्त विषय शाळेच्या वयाचे. ही फ्रान्सच्या शिक्षण खात्याची परीक्षा आहे, ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं प्रत्येकी २५ मार्कांचं, १०० पैकी ५० ला पास, पण प्रत्येकात निदान ५ हवेतच. म्हणजे लिखाणात २४ मिळवले आणि बोलण्यात ४ पडले तर गेलंच. मला ही पद्धत फार आवडते, पाठांतरावर इथे निभावतच नाही. सर्टिफिकेटला एक्सपायरी नाही. पुढे कधी फ्रान्सला फ्रेंचमधून डिग्री करायची म्हटलं तर साधारण बी टू ही बरीच वरची लेव्हल मागतात, ते बारावीत होणार नाही, उगाच कोणी क्लासवाला तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण ए टू झालेली मुलगी कॉलेजात तिथपर्यंत जाऊ शकते. चौकशीला पणजीला अलियान्स फ्रान्सेझमध्ये जा.

आता तुमची खरी काळजी, मराठीची. तुमच्या मुलीचं मराठी चांगलं आहे ना, मग तिला फ्रेंच इतरांपेक्षा सोपं जाणार, हे मी दरवर्षी बघते. इंग्रजीच्या अंगानं शिकणारी मुलं टेबल स्त्रीलिंगी कसं काय म्हणून महिनाभर अडून बसतात, मराठी मूल विचारतही नाही, आपल्याकडे तर खुर्ची ती आणि टेबल ते. तू आणि तुम्ही हा फरक फ्रेंचमध्ये जसाच्या तसा आहे, 'त्यु' आणि 'व्हू', कोणाला काय म्हणायचं हे आपल्या मुलांना घरातूनच ठाऊक असतं. बारावीच्या मुलांना सगळ्यात घाबरवणारा एक नियम आहे, भूतकाळात कर्म आधी आलं की क्रियापदाचं रूप त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं. मी चिठ्ठी लिहिली हे सरळ सांगताना 'एक्री' म्हणायचं, पण 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणायचं झालं की 'ला लेत्र क झे एक्रीत', तो शेवटचा त येतो कारण चिठ्ठी तिकडेही बाई आहे. मी फळ्यावर फक्त एवढंच लिहिते, मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली. पोरं म्हणतात अरे हे तर आपलंच आहे. आपण तर हे कर्म आधी असो नसो करतो, फ्रेंचवाले आधी आलं तरच करतात, एवढाच फरक.

अजून एक, फ्रान्सच्या फ्रेंचमध्ये ऐंशीला वेगळा शब्दच नाही, चार विसा म्हणतात, 'कात्र व्हँ'. मुलं हसतात. माझी आजी नारळ, अंडी सगळं विसानं मोजायची, चार विसा आणि वर पाच. ते सांगितलं की त्यांना ऐंशी-नव्वद कधी चुकत नाही.

म्हणून मराठी परीक्षेला नसली तरी घरात सोडू नका, तिचं वाचन चालू राहू दे, लिहिणं चालू राहू दे. मराठी पक्की असेल तर फ्रेंच तिच्यावर उभं राहतं, ती कच्ची राहिली की दोन्हीकडे वांधे होतात.

मागच्या वर्षी माझ्याकडे म्हार्दोळची एक मुलगी होती, अतिशय लाजरी, चार महिने ती हो-नाहीच्या पुढे गेली नाही. बोलण्याच्या तयारीला मी सांगितलं पुस्तकातला पॅरिसचा कॅफे नको, घरचं सांग. तिची आजी जायांचे वळेसर, म्हणजे जाईच्या फुलांचे गजरे करते, देवळापुढे विकते. ती सांगायला लागली, पहाटे कळ्या काढतात, केळीचा दोर भिजवून ठेवतात, आणि मग गुंफणं आलं तिथे शब्द अडला. हातानं दाखवत राहिली, दोन बोटांत कळी, वरून दोराचा वेढा. मी 'त्रेसे' एवढाच एक शब्द दिला, वेणी घालायला वापरतात तोच, आणि ती सहा-सात मिनिटं थांबलीच नाही. चुका खूप होत्या, मी एकही दुरुस्त केली नाही त्या दिवशी. बोलण्याची परीक्षा असली की मी सगळ्यांना आबे फारियाचं सांगते, संमोहनासाठी गाजलेला पाद्री, कांदोळीचा आपला माणूस, पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी पुतळा आहे ना त्याचा. लिस्बनला पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि शब्दच फुटेना, तेव्हा खाली बसलेल्या बापानं कोंकणीतून हळूच सांगितलं की ही सगळी भाजी आहे, कातर रे भाजी, आणि मग तो घडाघडा बोलला असं सांगतात. तोच पुढे १८१३ पासून पॅरिसमध्ये फ्रेंचमधून व्याख्यानं देत होता.

आता पोर्तुगीज. पोर्तुगीज पासपोर्टच्या विचारानं घरात कोणी म्हणत असेल तर त्याचे नियम वकिलाला विचारा, त्यासाठी म्हणून अकरावीचा विषय ठरवू नका. पण मुलीला लॉ करायचं असेल किंवा इतिहासाची आवड असेल तर पोर्तुगीज मी फ्रेंचच्याही आधी सांगेन. आपल्याकडे १९६१ च्या आधीची जमिनीची कागदपत्रं, आफ्रामेंतं म्हणजे जमीन कायमच्या खंडानं दिल्याचे कागद, मृत्युपत्रं, वारसांच्या वाटणीची इन्व्हेंटरी, कोमुनिदाद म्हणजे गावाच्या सामायिक जमिनीच्या संस्थेचं दप्तर, बहुतेक सगळं पोर्तुगीजमध्ये आहे, आपला कौटुंबिक कायदा १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडवरून आलाय, आणि ते कागद नीट वाचणारी जुनी माणसं एकेक करून जाताहेत. आमच्याच घरच्या भाटाचा, म्हणजे बागायतीचा, एक कागद वाचून घ्यायला वडिलांनी चार महिने फेऱ्या मारल्या. शिवाय चावी, बादली, पाव, लिलाव, पगार हे शब्द तिला आधीच येतात, आणि नाकातून बोलायचे स्वर कोंकणी ऐकून वाढलेल्या पोराला वेगळे शिकवायला लागत नाहीत. पणजीला इन्स्तितुतु कामोंइश या पोर्तुगीज संस्थेचं भाषा केंद्र आहे, तिथे चौकशी करता येईल. फक्त तुमच्या हायर सेकंडरीत पोर्तुगीजला शिक्षक खरंच आहे का ते आधी विचारा, नुसतं फॉर्मवर नाव असून भागत नाही.

आणि फॉर्म भरायच्या आधी तिलाच विचारा हो. तुमच्या प्रश्नात शेजारी काय म्हणतात आहे, तुम्हाला काय वाटतं आहे, पण तिला काय हवंय ते कुठेच नाही. फ्रेंच आणि पोर्तुगीज, दोन्ही भाषांच्या बातम्या पाच-पाच मिनिटं लावून द्या आणि कुठली बंद करायला ती तयार होत नाही ते बघा. मराठीच हवी म्हणाली तर तीही द्या, डेल्फ बाहेरून देता येते.