घशाच्या ऑपरेशननंतर वडिलांना सारखा न्यूमोनिया होतोय, पण ठसका फारसा लागत नाही. कारण काय असेल?

स्वरयंत्राचं अर्धवट ऑपरेशन आणि नंतर शेक (रेडिएशन), या सगळ्याला चार वर्षं झाली. आता वर्षात तिसऱ्यांदा न्यूमोनिया, तोही दर वेळी उजवीकडे खाली. तुम्ही लिहिलेल्या या माहितीवरून माझा पहिला संशय गिळण्यावर जातो.

ठसका लागत नाही म्हणजे घास नीट जातोय, असं कृपा करून धरू नका. ऑपरेशन आणि शेकामुळे घशाची संवेदना बोथट होते. पाणी, लाळ श्वासनळीत उतरते आणि पेशंटला पत्ताही लागत नाही. उजवी श्वासनलिका जास्त रुंद आणि सरळ असल्यामुळे ते बहुधा उजव्या फुफ्फुसात जातं. शेकानंतर स्नायू कडक होणं वर्षानुवर्षं चालू राहतं, म्हणून त्रास इतक्या उशिरा वाढू शकतो. अँटिबायोटिकनं ताप उतरतो, गळती तशीच राहते.

जिथे ऑपरेशन झालं तिथे किंवा कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात दाखवा आणि गिळण्याची तपासणी कुठे होईल ते विचारा. ती नाकातून दुर्बीण घालून होते किंवा बेरियम गिळताना चालता एक्स-रे काढून. स्पीच थेरपिस्ट सोबत असेल तर उत्तम, कारण कोणता घट्टपणा आणि मानेची कोणती ठेवण चालते हे तिथेच कळतं. हनुवटी छातीकडे झुकवून गिळणं सगळ्यांना लागू पडत नाही, म्हणून आधी तपासणी. थुंकीची टीबी तपासणीही करून घ्या.

तोवर सर्वांत जास्त जपायचं ते पातळ पदार्थांना. घट्टपणा डोळ्यांनी ठरवू नका. 10 मिलीची सिरिंज घ्या, दट्ट्या काढा, टोक बोटानं बंद करून द्यायचा पदार्थ 10 मिलीपर्यंत भरा, बोट काढा आणि 10 सेकंदांनी पुन्हा बंद करा. आत 1 मिलीपेक्षा कमी उरलं तर ते पाण्यासारखंच पातळ. 4 ते 8 मिली उरलं तर सौम्य घट्ट. वडिलांना किती हवं ते थेरपिस्ट ठरवेल. नाचणीची आंबील सोपी वाटते, पण लाळेतल्या पाचकरसानं पिष्टाचा घट्टपणा मोडतो. उष्टा चमचा वाटीत परत गेला की वाटी पातळ होत जाते. पदार्थ घट्ट करायची झॅन्थन गमची पावडर लाळेत टिकते. आइस्क्रीम तोंडात पाणी होतं, तेही नको.

मिसळ, तांबडा-पांढरा रस्सा सध्या बंदच. कट पातळ आणि फरसाण कोरडं, असं दोन्ही एका घासात आलं की घसा गोंधळतो. भाकरी घट्ट आमटीत पूर्ण कुस्करून, एकजीव करून द्या. जेवताना ताठ बसवा, छोटा चमचा, गप्पा-टीव्ही नको, आणि नंतर अर्धा तास तरी आडवं होऊ देऊ नका. आवाज ओलसर, घरघरता झाला तर थांबा, खाकरून पुन्हा गिळायला सांगा. गोळ्या कुटून देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. काही गोळ्या कुटायच्या नसतात.

तोंडाच्या स्वच्छतेकडे घरोघरी दुर्लक्ष होतं, याचं मला फार वाईट वाटतं. फुफ्फुसात उतरणाऱ्या लाळेसोबत दातांवरचे जंतूही जातात. प्रत्येक जेवणानंतर आणि झोपताना ब्रश, कवळी रात्री काढून ठेवायची, मिश्री-तंबाखू बंद. पोटात नळी बसवली तरी लाळ थांबत नाही, तेव्हा हे तेव्हाही चालूच ठेवायचं.

मिनिटाला 25 च्या वर श्वास, ऑक्सिजन 94 च्या खाली किंवा अचानक बरळणं दिसलं तर ताप नसला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. जुने एक्स-रे सोबत न्या.