नैरोबीत मराठी मंडळाने ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’ करायची तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की नैरोबीत येऊन वर्ष होत आलं, मंडळात रुळलात, पण केनियन ओळखी ऑफिस आणि वॉचमनपलीकडे गेल्या नाहीत. म्हणून मंडळातर्फे एक भारत-केनिया संध्याकाळ करावी का? जरूर करा, पण तेवढ्याने ओळखी होतील असं धरून चालू नका. मी इथे बरीच वर्षं आहे, अशा संध्याकाळी पाहिल्या आहेत. त्यांचा नाच होतो, आपली लावणी होते, फोटो निघतात आणि जेवायला जो तो आपापल्या टेबलावर. (चपाती ‘भारतीय पदार्थ’ म्हणून मांडू नका. इथे सणासुदीला घरोघरी होते, ती आता त्यांचीच आहे.)

इथे बऱ्याच जणांच्या लेखी ‘मुहिंदी’ (स्वाहिलीत भारतीय माणूस) म्हणजे दुकानाचा नाहीतर कारखान्याचा मालक. २०१७ मध्ये सरकारने इथल्या आशियाई वंशाच्या लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली, पण मालक-नोकर हे नातं त्याने थोडंच पुसलं जातं?

माझं मत विचाराल तर केनियन लोकांकडे आधीच जे चालू आहे त्यात शिरा. इथे हरांबे नावाची पद्धत आहे: कुणाच्या मुलाची फी भरायची असो की गावात वर्गखोली बांधायची, सगळे जमून वर्गणी काढतात. स्वातंत्र्यानंतर कितीतरी माध्यमिक शाळा अशाच उभ्या राहिल्या. सहकाऱ्याने बोलावलं तर स्वतः जा, इतर देतात तेवढंच द्या आणि जेवायला थांबा. मोठा चेक पाठवून दिलात की तुम्ही पुन्हा मालकच. ‘चामा’ म्हणजे आपली भिशी. त्यात कुणी घेतलं तर समजा विश्वास बसला, मात्र फेरी पुरी होईपर्यंत नैरोबी सोडणार नसाल तरच हो म्हणा.

शिक्षणाचं म्हणाल तर आपल्याच माणसाने इथे वाट पाडून ठेवली आहे. औंधचे राजपुत्र आप्पा पंत १९४८ मध्ये भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीत आले. हॉटेलं, शाळा, वस्त्या सगळं वर्णाप्रमाणे वाटलेलं असताना त्यांच्या घरी आफ्रिकी पुढारी पाहुणे म्हणून येत. आफ्रिकी विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्तीवर भारतात शिकावं यासाठी ते झटले. गांधीजींच्या स्मारकासाठी इथल्या भारतीयांनी जमवलेला पैसा फक्त भारतीयांच्या संस्थेत न जाता सर्व वंशांच्या उच्चशिक्षणासाठी लागला. आजच्या नैरोबी विद्यापीठाच्या पायाभरणीत तो पैसा आहे. ब्रिटिशांना हे रुचलं नाही, आणि १९५४ मध्ये पंतांना इथून हलवावं लागलं.

मुलांना न्यायचं असेल तर सिटी पार्कमध्ये न्या. १९६५ मध्ये गोळ्या घालून मारलेले, गोव्यात शाळा शिकलेले, केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यातले पियो गामा पिंटो यांची कबर तिथे आहे आणि तिच्या शेजारी त्यांचे मित्र जोसेफ मुरुंबी यांची, केनियाचे दुसरे उपराष्ट्राध्यक्ष. मुरुंबींचे वडील गोव्याचे, आई मसाई जमातीची, शिक्षण बंगळुरात. त्यांचा कलासंग्रह नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे, तोही बघा.

आणि मंडळाच्या खर्चात एक गोष्ट घालाच: शनिवारचा स्वाहिलीचा वर्ग, शिक्षक स्थानिक, पगारी. फुकट शिकवायला कुणाला बोलावू नका. मोठी माणसं व्याकरणात अडकतील, मुलं महिन्याभरात रस्त्यावरची ‘शेंग’ ही स्वाहिली-इंग्रजीची मिसळ बोली उचलतील आणि तुमच्या उच्चारांना हसतील.