पावत्या तपासणारे खूप, मूल पुढे सरकलं का हे कोण बघणार?

प्रिय ताई,

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या चँडलरहून तुम्ही पाठवलेलं सविस्तर पत्र दोनदा वाचलं. वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ताईंची मुलगी अकाउंटिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. धाकटा मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिस्टिक. त्याचं शिक्षण आणि थेरपी ॲरिझोना राज्याच्या एम्पॉवरमेंट स्कॉलरशिप अकाउंटवर, म्हणजे ईएसएवर चालते; यात राज्य शिक्षणाचे पैसे शाळेऐवजी पालकांच्या खात्यात देतं. मुलीला एका मोठ्या ऑडिट फर्मची इंटर्नशिप चालून आली आहे, पण तिला राज्याच्या ऑडिटर जनरलच्या, म्हणजे सरकारी खर्च आणि योजना तपासणाऱ्या कार्यालयात काम करायचंय. बाबा नाराज आहेत आणि ताई विचारतात, "इतकी हुशार मुलगी सरकारी पावत्या तपासत बसणार का?"

ताई, तुमच्या पत्रातला रविवारचा प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. स्पीच थेरपिस्टच्या बिलावर मुलाचं नाव राहून गेलं होतं, म्हणून ते नव्याने मागवावं लागलं. डायनिंग टेबलवर बसून ते अपलोड करताना लेक म्हणाली, "आई, नाव, तारीख, रक्कम सगळं बघतात. पण तो आता पाणी मागताना 'पाणी' म्हणतो, हे कुठे लिहायचं?"

नेमका हाच प्रश्न मिसिसिपीत विधिमंडळाने विचारला होता. तिथे 2015 मध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी अशीच खाती सुरू झाली, सुरुवातीला वर्षाला 6,500 डॉलर्सची. त्यांचा आढावा घेण्याचं काम कायद्यानेच 'पीअर' नावाच्या संयुक्त विधिमंडळ समितीकडे दिलं. 2018 च्या अहवालात समितीने पैशांच्या हिशेबापलीकडे जाऊन सांगितलं की मुलांना हव्या त्या सेवा मिळतात का आणि ती पुढे सरकतात का, याची खात्री करणारी व्यवस्थाच या योजनेत नाही. 2020 मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि मुलांच्या प्रगतीची चाचणी घेण्याची जबाबदारी शाळांवर आली. एका अहवालाने हे घडलं. अहवाल लिहिणारे लोक तुमच्या मुलीसारखेच, कुणी अकाउंटिंग शिकलेले, कुणी लोकप्रशासन. या कामाला परफॉर्मन्स ऑडिट म्हणतात आणि ते पावत्या तपासण्यापेक्षा फार वेगळं आहे.

ॲरिझोनाचा इतिहास तर मुलीने मुळातून वाचावा. दिव्यांग मुलांसाठीची व्हाउचर्स, म्हणजे खासगी शाळेच्या फीसाठी मिळणारे सरकारी पैसे, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये घटनाबाह्य ठरवली. त्यातून वाट काढत 2011 मध्ये पैसे शाळेऐवजी पालकांच्या खात्यात देण्याची कल्पना आली. देशातली ही पहिलीच खाती आणि ती मिळाली दिव्यांग मुलांना. 2022 मध्ये ती सगळ्यांना खुली झाली. मध्यंतरी, 2018 मध्ये, ऑडिटर जनरलच्या तपासणीतून सात लाख डॉलर्सहून अधिक रकमेचा गैरवापर पुढे आला. 2024 मध्ये पाच जणांवर आरोपपत्र दाखल झालं. आरोप असा की अस्तित्वातच नसलेल्या मुलांच्या नावाने, अपंगत्वाची खोटी कागदपत्रं जोडून पैसे उचलले गेले. मला याचा मनापासून राग येतो, कारण अशा प्रत्येक घोटाळ्यानंतर नियम आवळले जातात आणि त्याचा काच तुमच्यासारख्या प्रामाणिक घरांना बसतो. म्हणूनच टेबलाच्या त्या बाजूला असं कुणीतरी हवं, ज्याला थेरपीचं बिल कसं दिसतं आणि ते का अडतं हे घरातून माहीत आहे.

पण एक गोष्ट तिला आत्ताच सांगा. सरकारी ऑडिटचे नियम, ज्यांना तिकडे 'यलो बुक' म्हणतात, ऑडिटरच्या निःपक्षपातीपणाबाबत फार काटेकोर आहेत. सख्खा भाऊ ईएसएचा लाभार्थी असेल तर ते तिला पहिल्याच दिवशी उघड करावं लागेल आणि त्या योजनेच्या फाइलपासून बहुधा तिला दूर ठेवलं जाईल. तिला वाईट वाटेल. तरी ते योग्यच आहे. तोवर ती विशेष शिक्षणाच्या इतर योजना तपासू शकते किंवा दुसऱ्या राज्यात, अगदी वॉशिंग्टनला जीएओमध्येही, म्हणजे संघीय सरकारचा कारभार तपासणाऱ्या कार्यालयातही, जाऊ शकते. जीएओने 2017 मध्येच काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, सुचवलं होतं की अशा योजनेतून मूल खासगी शाळेत गेलं तर संघीय विशेष शिक्षण कायद्याखालचे त्याचे कोणते हक्क बदलतात, हे पालकांना कळवणं राज्यांवर बंधनकारक करावं. ईएसए घेताना तुम्ही जिल्ह्याच्या सरकारी शाळांना जबाबदारीतून मोकळं करणाऱ्या करारावर सही केली आहे, ती आठवा. त्या वेळी सगळं नीट समजलं होतं का?

बाबांची काळजी पैशांची आहे आणि ती खोटी नाही. सुरुवातीचा पगार मोठ्या फर्मपेक्षा कमीच असतो. मात्र सरकारी पेन्शन आहे, आणि संघीय शैक्षणिक कर्ज असेल तर पात्र सरकारी नोकरीत 120 हप्ते भरल्यावर उरलेलं माफ होऊ शकतं. माझं मत विचाराल तर फर्मची ही इंटर्नशिप तिने सोडू नये. एक उन्हाळा तिथे शिस्त शिकू दे, वर्किंग पेपर्स, म्हणजे तपासणीच्या नोंदी, कशा ठेवतात ते पाहू दे. पुढच्या वर्षी ऑडिटर जनरलकडे अर्ज करावा. सीपीए, म्हणजे आपल्याकडच्या सीएसारखी तिथली पात्रता, दोन्हीकडे उपयोगी आहे. सोबत संख्याशास्त्राचा एक आणि अपंगत्वविषयक कायद्याचा एक विषय तिने घ्यावा.

आणि आपल्याकडे जशी लोकलेखा समिती, तशी तिथे विधिमंडळाची संयुक्त लेखापरीक्षण समिती आहे. तिच्या खुल्या सुनावणीला फीनिक्सला तिला एकदा घेऊन जा. जमल्यास बाबांनाही. ऑडिटरने उभं राहून निष्कर्ष मांडायचे आणि आमदारांनी खात्याला जाब विचारायचा, हे समोर बघितल्यावर घरातली चर्चा वेगळी होईल. जाण्याआधी ऑडिटर जनरलचा एखादा जुना अहवाल तिने वाचावा, आणि शेवटी जोडलेलं खात्याचं उत्तरही. मग स्वतः ऑडिटर असती तर तिने कोणते तीन प्रश्न विचारले असते, ते एका पानावर लिहून मला पाठवावं. 'पाणी' हा शब्द अहवालात कुठे आणि कसा मोजायचा, तिथूनच तिने सुरुवात करावी.